परवानगीची वाट आणि हक्काची वाट

इंग्लंडच्या डोंगराळ भागात वाटांच्या फाट्यांवर लाकडी खांब रोवलेले असतात आणि त्यांवर रंगीत बाण असतात. बाण निळा असेल, तर ती घोडवाट. तेथे चालणाऱ्याला, घोडेस्वाराला आणि सायकलस्वाराला जाण्याचा हक्क आहे. बाण पिवळा असेल, तर ती नुसती पायवाट. तेथे सायकलवर बसलेला माणूस कायद्याच्या दृष्टीने घुसखोर ठरतो. विशेष म्हणजे काही ठिकाणी एकच वाट मध्येच आपला रंग बदलते. मातीत फरक नाही, चढात फरक नाही, रुंदीत फरक नाही. एका गावाची शीव संपते, दुसऱ्याची सुरू होते, आणि दोन हातांमागे जो सन्मान्य नागरिक होता, तो दोन हात पुढे आल्याबरोबर आगंतुक बनतो. हा चमत्कार निसर्गाने केलेला नाही. तो कचेरीतल्या नोंदवहीने केलेला आहे. ती नोंदवही कोणाच्या वजनाखाली लिहिली गेली, हाच या साऱ्या वादाचा गाभा आहे.

डोंगरावर चालविण्याची जाड टायरांची सायकल, म्हणजे माउंटन बाइक, १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियात जन्माला आली आणि पुढील दशकात ब्रिटनमध्ये पोचली. तेव्हापासून तेथील डोंगरवाटांवर एक अखंड तंटा चालू आहे. एका बाजूला शनिवार-रविवारी शहरातून डोंगराकडे धावणारे सायकलस्वार. दुसऱ्या बाजूला जमीनमालक, वनखाते, राष्ट्रीय उद्यानांचे अधिकारी आणि दुर्दैवाने पुष्कळसे पदभ्रमण करणारेही. वर्तमानपत्री चर्चेत हा तंटा शिष्टाचाराचा प्रश्न म्हणून मांडला जातो. सायकलवाले वेगाने येतात, घंटी वाजवीत नाहीत, चिखल उडवितात, सबब त्यांना आवर घाला, असा त्या चर्चेचा सूर असतो. वस्तुतः हा शिष्टाचाराचा प्रश्न नाही. तो मालकीचा प्रश्न आहे, आणि मालकीचा प्रश्न शिष्टाचाराच्या वेषात पुढे आणणे ही मालकवर्गाची फार जुनी विद्या आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहावी. इंग्लंडमध्ये सार्वजनिक वाटांचे जाळे सुमारे १,८८,००० किलोमीटर लांबीचे आहे. त्यांपैकी जेमतेम २२ टक्के वाटांवर सायकल नेण्याचा हक्क आहे. हा हक्कही १९६८ च्या ग्रामीण प्रदेशविषयक कायद्याने दिला. त्या कायद्याने सायकलस्वाराला घोडवाटांवर प्रवेश दिला, पण पादचारी आणि घोडेस्वार यांना त्याने वाट सोडली पाहिजे असे बजावले, आणि सायकलींच्या सोयीसाठी या वाटा सुधारण्याचे कोणतेही बंधन अधिकाऱ्यांवर नाही, हेही त्याच कलमात लिहून ठेवले. पुढे २००० साली पार्लमेंटने डोंगर, माळरान, पडीक मुलूख आणि नोंदलेली गायराने यांवर लोकांना मुक्त संचाराचा हक्क दिला. त्याचा मोठा गाजावाजा झाला. पण हा हक्क इंग्लंडच्या केवळ ८ टक्क्यांच्या आसपास भूमीला लागू आहे, आणि तोही पायी चालणाऱ्यांपुरता. सायकल आणि घोडा यांना कायद्याच्या परिशिष्टाने दाराबाहेर ठेवले.

आता उरलेल्या ७८ टक्के वाटांचे काय? त्या पायवाटा म्हणून नोंदल्या गेल्या, म्हणून त्या बंद. परंतु ही नोंद झाली कशी? ॲटली यांच्या मजूर सरकारने १९४९ साली राष्ट्रीय उद्यानांचा आणि ग्रामीण प्रदेशातील प्रवेशाचा कायदा केला. त्या अन्वये प्रत्येक परगण्याने आपल्या हद्दीतील सार्वजनिक वाटांचे अधिकृत नकाशे तयार करायचे होते. उद्देश निःसंशय स्तुत्य होता. पण प्राथमिक पाहणी बव्हंशी गावपातळीवर झाली. ज्या गावात जमीनदाराचा शब्द चाले, तेथे कोणती वाट नोंदली जावी आणि कोणत्या दर्जाची म्हणून नोंदली जावी, यावरही त्या शब्दाची छाया पडणे अपरिहार्य होते. जेथून पूर्वी गाड्या आणि घोडी जात, अशा अनेक वाटा नुसत्या पायवाटा म्हणून कागदावर आल्या. अनेक तर कागदावर आल्याच नाहीत. शेजारच्या गावाने तीच वाट घोडवाट म्हणून लिहिली, आणि म्हणून आज शिवेवर बाणाचा रंग बदलतो. दोन पिढ्यांपूर्वीच्या एका घाईच्या नोंदीला आज पावित्र्य प्राप्त झाले आहे, आणि त्या पावित्र्याचे रक्षण करणे म्हणजेच कायद्याचे राज्य, असे लोकांना शिकविले जात आहे!

या नोंदवहीच्याही मागे आणखी एक मोठी नोंदवही आहे. १६०४ ते १९१४ या काळात ब्रिटिश पार्लमेंटने ५,२०० हून अधिक कुंपणबंदीचे कायदे मंजूर केले आणि ६८ लक्ष एकर सामायिक जमीन खाजगी केली. इंग्लंडच्या एकूण भूमीचा हा एक पंचमांशाहून अधिक भाग होय. जेथे गावाची गुरे चरत, जेथून लोक सरपण आणीत, तेथे कुंपण उभे राहिले. ज्यांनी ते उभारले, त्यांच्याच वर्गाचे लोक पार्लमेंटात बसून त्याला कायद्याची मोहोर लावीत होते. श्रबसोल या अभ्यासकाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात असा अंदाज मांडला आहे, की आजही इंग्लंडची निम्मी जमीन एक टक्क्याहून कमी लोकांच्या हाती आहे. तेव्हा घुसखोर कोण, हा प्रश्न विचारताना तो इतिहासाच्या योग्य टोकापासून विचारला पाहिजे.

श्रमिकांनी ही कुंपणे कधीच मुकाट्याने मान्य केली नाहीत, आणि त्यांच्या लढ्यात सायकलीचे स्थान उपरे नाही. लँकेशायरमधील बोल्टन गावाजवळ विंटर हिल या डोंगराची वाट एका जमीनदाराने अडविली, तेव्हा १८९६ साली स्थानिक समाजवाद्यांच्या पुढाकाराने हजारो लोक फाटक ओलांडून डोंगरावर चालून गेले. त्याच दशकात, १८९४ साली, बर्मिंगहॅमच्या काही समाजवादी तरुणांनी ‘क्लॅरियन’ या समाजवादी साप्ताहिकाच्या नावाने सायकल मंडळ काढले. हे सभासद रविवारी सायकलींवरून खेडोपाडी जात, साप्ताहिक वाटीत, चौकात सभा घेत. गिरणीच्या धुरातून बाहेर पडून मोकळी हवा घेणे आणि समाजवादाचा प्रचार करणे, ही त्यांच्या लेखी दोन कामे नव्हती. मोकळ्या हवेवरही मालकी असू शकते, हे कळणे हाच त्यांचा पहिला राजकीय धडा होता.

आणि मग २४ एप्रिल १९३२ चा दिवस. मँचेस्टर आणि शेफील्ड या दोन औद्योगिक शहरांच्या मध्ये किंडर स्काउटचे पठार आहे. ते ड्यूक ऑफ डेव्हनशायरचे शिकारीचे रान होते. त्या दिवशी शेकडो तरुण कामगार ठरवून त्यावर चढले. त्यांचा नेता बेनी रॉथमन हा अवघा वीस वर्षांचा होता. रेल्वे स्थानकावर पोलिसांचा पहारा होता. तो चुकवून रॉथमन सभेच्या गावी पोचला, तो सायकलवरून. पुढे सहा जणांवर खटला झाला आणि पाच जणांना दोन ते सहा महिन्यांच्या शिक्षा झाल्या. दुसऱ्याच्या जमिनीवर पाऊल टाकणे हा तेव्हाही फौजदारी गुन्हा नव्हता, म्हणून दंगल आणि मारहाणीची कलमे लावण्यात आली. पदभ्रमण संघटनांच्या प्रतिष्ठित पुढाऱ्यांनी या तरुणांचा निषेध केला होता, हेही विसरता कामा नये. उतावळेपणाने अधिकाऱ्यांशी चाललेल्या वाटाघाटी बिघडतात, असे त्यांचे म्हणणे होते. सत्तर वर्षांनी, २००२ साली, त्याच घराण्याच्या ड्यूकने आपल्या आजोबांच्या कृत्याबद्दल जाहीर क्षमा मागितली. क्षमा उशिरा आली. पण उतावळे कोण होते आणि शहाणे कोण, याचा निवाडा तिने करून टाकला.

त्या लढ्याचे फळ म्हणून आलेल्या २००० च्या कायद्यातच सायकलीला मज्जाव असावा, आणि रॉथमनचे नाव आदराने घेणाऱ्यांपैकीच काहींनी आज सायकलस्वारांकडे बोट दाखवून ‘यांना आवरा’ म्हणावे, यासारखा विपर्यास नाही. पायी चालणारा आणि सायकलवाला एकमेकांशी भांडत राहिले, की कुंपणाकडे कोणाचेच लक्ष जात नाही. २२ टक्के वाटांवर सर्वांना कोंबायचे, तेथे गर्दी झाली की गर्दीबद्दल त्यांनाच दोष द्यायचा, आणि बाकीचा मुलूख तित्तिरांच्या शिकारीसाठी राखून ठेवायचा, ही व्यवस्था कोणाच्या सोयीची आहे हे सांगायला नको. लोक आले तर पक्षी बिचकतील, अशी काळजी शिकारीच्या रानांचे मालक अनेकदा व्यक्त करतात. ज्या पक्ष्यांना १२ ऑगस्टपासून बंदुकीने टिपायचे आहे, त्यांच्या मनःशांतीची ही काळजी खरोखर हृदयस्पर्शी आहे.

अर्थात सायकलस्वारांविरुद्धचे सर्वच आक्षेप ढोंगी आहेत, असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे होईल. वाटांची धूप होते, हा पहिला आक्षेप. ती होते, पण ती पायांनी आणि टापांनीही होते. मोंटाना येथील डोंगरवाटांवर झालेल्या आणि १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात चाकांपेक्षा टापा आणि पावले यांनी अधिक माती सुटी केल्याचे आढळले. याचा अर्थ सायकल निरुपद्रवी आहे असा नाही. ओल्या उतारावर ब्रेक दाबून घसरणारे चाक चर पाडते, हे उघड आहे. अर्थ एवढाच, की धूप हा वाटेच्या बांधणीचा, पाण्याच्या निचऱ्याचा आणि देखभालीचा प्रश्न आहे. तो एका वर्गाला हाकलून सुटत नाही. दुसरा आक्षेप वेगाचा. अरुंद वाटेवर वळणाआडून वेगाने येणारा सायकलस्वार वृद्धांना आणि मुलांना भय उत्पन्न करतो, हे खरे आहे, आणि तसे वागणाऱ्याची गय करू नये. तिसरा आक्षेप असा, की काही तरुण रानात परस्पर फावडी घेऊन जातात, उतार खणतात, उड्यांसाठी मातीचे उंचवटे रचतात. पक्ष्यांच्या विणीच्या जागी किंवा प्राचीन वनात असे खणणे सर्वस्वी गैर आहे. परंतु ज्यांना कायदेशीर वाट मिळत नाही आणि ज्यांच्याशी कोणी बोलतही नाही, ते आपली वाट आपण खणतात. त्या वाटा यंत्राने मोडून काढणे सोपे आहे. पुढच्या हिवाळ्यात त्या दुसऱ्या उतारावर पुन्हा उगवतात. ज्याला हक्कच नाही त्याच्याकडून जबाबदारीची अपेक्षा करणे हे न्यायालाही धरून नाही आणि व्यवहारालाही.

हक्क असेल तर काय होते, याचे उदाहरण वेल्समध्ये आहे. स्नोडन हा वेल्समधील सर्वोच्च डोंगर. वेल्श भाषेत त्याचे नाव अर् विद्वा. त्याच्या शिखराकडे जाणाऱ्या काही वाटा घोडवाटा आहेत, म्हणून तेथे सायकल नेण्याचा हक्क निर्विवाद आहे. तरीही १ मे ते ३० सप्टेंबर या गर्दीच्या काळात सकाळी दहा ते सायंकाळी पाच या वेळेत सायकलस्वारांनी तेथे जाऊ नये, असा स्वेच्छेचा करार अधिकारी आणि सायकलस्वार यांच्यात झाला, आणि तो वर्षानुवर्षे चालत आला आहे. हक्क होता म्हणून बोलणी बरोबरीने झाली, आणि बोलणी बरोबरीने झाली म्हणून संयम पाळला गेला. ज्याच्या हाती काहीच नाही, तो सोडणार तरी काय?

याहून मोठे उदाहरण शेजारच्या स्कॉटलंडचे. तेथील पार्लमेंटने २००३ साली जमीन सुधारणा कायदा केला. त्यातील प्रवेशहक्क फेब्रुवारी २००५ पासून अमलात आले. त्याने बहुतेक सर्व भूमीवर आणि जलाशयांवर यंत्राविना जाणाऱ्या प्रत्येकाला संचाराचा हक्क दिला, मग तो पायी असो, घोड्यावर असो वा सायकलवर. अट एकच : वर्तन जबाबदारीचे हवे. घराचे आवार, उभे पीक आणि अशाच काही जागा वगळल्या. येथे अधिकाऱ्यांची भूमिका मुळापासून उलटते. स्थानिक संस्थांचे कर्तव्य लोकांना अडविणे हे नसून प्रवेशाचा हक्क प्रस्थापित करणे, त्याचे रक्षण करणे आणि वाटा मोकळ्या ठेवणे हे आहे, असे कायदा सांगतो. मालक आणि वापरणारे एकत्र बसतील अशी स्थानिक प्रवेश मंडळे त्याने निर्माण केली. आणि लोकांना अडविण्याच्या हेतूने मालकाने पाटी लावणे हेच बेकायदा ठरविले. अशी पाटी काढून टाकण्याची नोटीस स्थानिक संस्था देऊ शकते. इंग्लंडमध्ये पाटी लोकांना हटविते. स्कॉटलंडमध्ये लोक पाटी हटवू शकतात. दोन देशांमधील हा फरक हवामानाचा नाही, राजकारणाचा आहे.

या कायद्याने आभाळ कोसळेल, असे भाकीत जमीनदारांनी केले होते. दोन दशके लोटली, आभाळ जागेवर आहे. मेंढ्या चरत आहेत, रान उगवते आहे, आणि फोर्ट विल्यमच्या डोंगरावर २००७ व २०२३ या वर्षी डोंगरी सायकलींच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धाही झाल्या. स्कॉटलंड म्हणजे स्वर्ग नव्हे. २००७ साली तेथील एका न्यायालयाने एका धनाढ्य मालकिणीच्या वाड्याभोवतालची बरीच मोठी जागा हक्काबाहेर काढली, आणि जमिनीची मालकी तेथेही मूठभरांच्याच हाती आहे. संचाराचा हक्क म्हणजे जमिनीचे फेरवाटप नव्हे. पण मालकी म्हणजे इतरांना हाकलण्याचा अमर्याद अधिकार, ही कल्पना तेथे कायद्याने मोडली, हे यश लहान नाही.

इंग्लंड आणि वेल्समधील अधिकारी मात्र दुसरा उपाय सुचवितात : सायकलींसाठी वेगळी केंद्रे उभारा, म्हणजे डोंगर शांत राहील. वनखात्याच्या जमिनीवर अशी केंद्रे निघाली. वेल्समधील कोएड अ ब्रेनिन हे त्यांतले आद्य, १९९० च्या दशकातले. तेथील वाटा उत्तम आहेत आणि त्या बांधणाऱ्यांचे श्रम अभिनंदनीय आहेत. पण केंद्र ही सवलत आहे, आणि सवलत अंदाजपत्रकाच्या दोरीला टांगलेली असते. खर्चकपातीचे कारण सांगून वेल्सच्या नैसर्गिक साधनसंपत्ती मंडळाने ३१ मार्च २०२५ रोजी तेथील अभ्यागत केंद्र आणि उपाहारगृह बंद केले. वाटा उघड्या राहिल्या. पण ज्याच्यामुळे परिसरातील लोकांना रोजगार होता, त्या दाराला कुलूप लागले. त्याआधी २०११ साली इंग्लंडमधील सरकारी वने विकण्याची योजना लोकक्षोभामुळे सरकारला मागे घ्यावी लागली होती. जे मालकाच्या मर्जीने मिळते ते मालकाच्या मर्जीने जाते, मग तो मालक ड्यूक असो वा सरकारी मंडळ.

काही समाजवादी मित्रही येथे नाक मुरडतील. हजारो पौंडांच्या सायकली घेऊन हिंडणाऱ्या मध्यमवर्गीयांची ही चैन. हिच्यासाठी चळवळीने शाई का खर्चावी? आक्षेप वरवर बिनतोड वाटतो, पण तो उलट दिशेने लागू पडतो. ज्याच्याजवळ पैसा आहे, तो खाजगी सायकल उद्यानाचे तिकीट काढील, मोटारीवर सायकल चढवून हवा तो डोंगर गाठील. ज्याची सायकल जुन्या बाजारातून आली आहे आणि ज्याला घराच्या दारातूनच निघावयाचे आहे, त्याला गावामागची टेकडी हवी असते. वाट बंद झाली, की पहिला अडतो तो हाच. १८९० च्या दशकात सायकल ही श्रीमंतांची वस्तू म्हणूनच मिरवत होती. कामगारांनी ती हप्त्याने आणि जुन्या बाजारातून घेतली व आपली केली.

राजकीय इच्छाशक्तीचे चित्र मात्र निराशाजनक आहे. मजूर पक्षाने २०२३ साली स्कॉटलंडच्या धर्तीवर संचाराचा हक्क देण्याचे वचन दिले होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, जमीनमालकांच्या दडपणानंतर, ते मागे घेण्यात आले. पुढच्या वर्षी पक्ष सत्तेवर आला, तो हे वचन मागे टाकूनच. ज्या पक्षाने १९४९ चा कायदा केला, १९६८ चा केला आणि २००० चाही केला, त्याने सत्तेच्या उंबरठ्यावर कुंपणाला नमस्कार करावा, ही त्याच्याच इतिहासाशी प्रतारणा होय.

महाराष्ट्रातील वाचकाला हा वाद दूरचा वाटेल. पण त्याची परिभाषा परकी नाही. ज्या राज्यकर्त्या वर्गाने आपल्या देशात कुंपणे घातली, त्यानेच १८७८ च्या वनकायद्याने या देशातील गावांचे पिढीजात वनहक्क सरकारी सवलतींच्या दर्जाला आणले. वनखात्याने डोंगर, दऱ्या आणि गायराने गिळल्याची तक्रार जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्याच काळात केली होती. आदिवासींच्या उपजीविकेचा प्रश्न आणि इंग्लिश सायकलस्वाराच्या रविवारचा प्रश्न यांची तुलना होऊ शकत नाही, तशी ती कोणी करूही नये. परंतु दोन्हीकडे युक्ती एकच वापरली गेली : हक्काचे नाव बदलून त्याला सवलत म्हणावयाचे, आणि मग सवलत काढून घ्यावयाची. २००६ च्या वनहक्क कायद्याने येथे ऐतिहासिक अन्याय झाल्याचे मान्य केले. ती मान्यता मिळण्यास सव्वाशे वर्षे लागली.

म्हणून इंग्लंडमधील मागणी निःसंदिग्ध असली पाहिजे. वाटेचा दर्जा जुन्या नोंदवहीने नव्हे, तर वाटेच्या प्रत्यक्ष क्षमतेने ठरावा. चालणारा, घोडेस्वार आणि सायकलस्वार यांचा हक्क एकाच कायद्यात, स्कॉटलंडप्रमाणे, जबाबदारीच्या अटीसह लिहिला जावा. जेथे वीण आहे, पीक आहे, दरड आहे, तेथे बंदी जरूर असावी. पण कारण सांगून, मुदत घालून आणि वापरणाऱ्यांना विचारून. सिद्ध करण्याचे ओझे अडविणाऱ्यावर असावे, जाणाऱ्यावर नव्हे. आणि पायी चालणाऱ्यांच्या संघटनांनी एवढे आठवावे, की १९३२ साली जे त्यांना म्हटले गेले, तेच शब्द आज त्यांच्या तोंडून निघत आहेत. पिवळा बाण आणि निळा बाण यांच्यात भांडण लागावे, असा खांब रोवणाऱ्याचा हेतू असो वा नसो, त्याचा लाभ त्यालाच होतो. दोघांनी मिळून तो खांब कोणाच्या जमिनीत, कोणाच्या अधिकाराने रोवला गेला हे विचारू लागावे. डोंगर मोकळा होण्याची सुरुवात तेथूनच होईल.